साखर चोरली म्हणे! पण खाताना कोणी पाहिलं?



तुमच्यापैकी बरेच जण सध्या पीएचडीच्या प्रवेश परीक्षा आणि मुलाखतींची तयारी करताय. मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा, की "पेपर चिकित्सक पद्धतीनं वाचा असं सगळे सांगतात, पण म्हणजे नेमकं करायचं काय?" आज नुसता सल्ला देत नाही. एक गाजलेला शोधनिबंध घेते आणि तुमच्यासमोर वाचते. निबंध चांगला आहे हे आधीच सांगते. वाईट पेपरवर टीका करणं सोपं असतं, त्यातून शिकायला फारसं मिळत नाही.

विषय आहे रोगकारक जिवाणू साखर कशी बनवतात आणि कशी वापरतात. उदाहरण माझ्या आजोळचं आहे.

आहुप्याचं भात

माझं आजोळ आहुपे. आंबेगाव तालुक्याचं अगदी पश्चिम टोक. घोडेगावहून डिंभे धरणाच्या कडेकडेनं गाडी वर चढत जाते आणि गाव संपतं तिथं सह्याद्रीही संपतो. कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण. पाऊस एवढा, की जून ते सप्टेंबर गाव ढगातच असतं. हिरडा, देवराई आणि भाताची खाचरं ही या भागाची ओळख.

अशा हवेत भाताला कडा करपा लागला की ओळखायला वेळ लागत नाही. पानाच्या टोकाकडून आणि कडांवरून पिवळसर, नागमोडी पट्टे खाली उतरतात, मग पान वाळक्या गवतासारखं होतं. रोग कडेपासूनच का सुरू होतो? पानाच्या कडेवर बारीक जलछिद्रं असतात, ज्यांतून पहाटे पाण्याचे थेंब बाहेर येतात. जिवाणू त्याच वाटेनं आत शिरतो किंवा जखमेतून शिरतो, आणि थेट जलवाहिनीत पोचतो. त्याचं नाव झान्थोमोनास ओरायझी पॅथोव्हार ओरायझी. भारतात या रोगाची शास्त्रीय नोंद महाराष्ट्रातूनच झाली, १९५९ साली, श्रीनिवासन, तिरुमलाचार आणि पटेल यांनी केली. म्हणजे हा आपल्या घरचाच विषय आहे.

एक प्रयोग तुम्ही बांधावर बसून करू शकता. रोगट पान पट्ट्याच्या कडेला कापा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यात कापलेली बाजू बुडवा. थोड्या वेळात कापलेल्या जागेतून दुधट धागा पाण्यात उतरताना दिसेल. तो धागा म्हणजे लाखो जिवाणू आणि त्यांना धरून ठेवणारा चिकट द्रव. आणि तो चिकटपणा म्हणजे साखर.

इथं थोडं थांबा. साखर म्हटलं की आपल्या डोक्यात गोड चव येते. पण धावड्याचा डिंक आठवा. तोही साखरेच्याच रेणूंची माळ आहे. गोड लागत नाही, पाण्यात फुगतो, बोटाला चिकटतो. जिवाणूची ही साखर त्याच जातीची. तिचं नाव झान्थन. मुख्य साखळी ग्लुकोजची, आणि साखळीतल्या एक सोडून एक ग्लुकोजला तीन साखरांची फांदी: मॅनोज, ग्लुकुरॉनिक आम्ल, पुन्हा मॅनोज. म्हणजे पाच साखरांचा एक नग आणि असे हजारो नग. आइस्क्रीम आणि सॉसच्या वेष्टनावर 'झान्थन गम' लिहिलेलं असतं ते हेच. फरक एवढाच, की कारखान्यात ते कोबीचा घाण्या रोग करणाऱ्या चुलतभावाकडून, झान्थोमोनास कॅम्पेस्ट्रिसकडून, बनवून घेतात.

हा डिंक जिवाणूच्या काय कामाचा? हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये धर्मपुरी आणि रमेश सोंटी यांनी १९९९ साली भातावरच्या या जिवाणूचा एक उत्परिवर्ती प्रकाशित केला. डिंक बनवणाऱ्या 'गम' जनुकांपैकी एकात एक उडता डीएनए-तुकडा घुसला होता. त्या जिवाणूला डिंक बनवता येईना, आणि त्याची रोग करण्याची ताकदही गेली. साखर बनवणं हा या जिवाणूचा शौक नाही, ते त्याचं हत्यार आहे, हे इथपर्यंत पक्कं झालं.

मग साखर वापरण्याचं काय?

इथून आपला निबंध सुरू होतो. २०१० साली 'नेचर'मध्ये ली-छिंग चेन, वुल्फ फ्रॉमर आणि सहकाऱ्यांनी वनस्पतींमधल्या साखर-वाहकांचं एक नवं कुळ जाहीर केलं. नाव 'स्वीट'. ही पेशीच्या पडद्यातली दारं आहेत. साखर जिकडे जास्त तिकडून जिकडे कमी तिकडे, त्यांतून जाते. भातात अशी २१ जनुकं आहेत.

निबंधातला मोठा दावा तुम्ही कुठल्याही नोट्समध्ये वाचला असेल: जिवाणू भाताच्या पेशीला फसवून ही दारं उघडायला लावतो आणि बाहेर आलेली साखर खातो. फसवण्याची रीत खरंच थक्क करणारी आहे. जिवाणू सुईसारख्या यंत्रणेतून 'टाल' नावाची प्रथिनं भाताच्या पेशीत टोचतो. ती पेशीच्या केंद्रकात जातात, ठरावीक जनुकाच्या पुढचा डीएनए-अक्षरांचा क्रम ओळखून तिथं बसतात आणि ते जनुक चालू करतात. पीटीएचएक्सओ-१ हे टाल प्रथिन स्वीट-११ चालू करतं, एव्हीआरएक्सए-७ हे स्वीट-१४.

गोष्ट अशी सुटसुटीत आहे, की एकदा ऐकली की विसरत नाही. चोर आला, कुलूप उघडलं, साखर खाल्ली. मीसुद्धा माझ्या पहिल्या पीएचडी मुलाखतीत ती याच शब्दांत सांगितली. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "खाताना कोणी पाहिलं?" मी म्हणाले, "मॅडम, नेचरमध्ये आहे." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं काहीतरी लिहिलं. त्या वर्षी माझा प्रवेश झाला नाही. बरेच दिवस मला तो प्रश्न खवचट वाटत होता. आता वाटतं, त्या दिवसातला सगळ्यात उपयोगी शब्द तोच होता.

चला, तोच प्रश्न घेऊन निबंध परत वाचू.

दाखवलं काय, म्हटलं काय

कुठलाही पेपर वाचताना वहीच्या पानावर मधोमध एक रेघ मारा. डावीकडे लिहा 'काय दाखवलं', उजवीकडे 'काय म्हटलं'.

डावीकडे काय येतं? एक, ही प्रथिनं ग्लुकोज वाहतात. हे दाखवलं माणसाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या पेशींमध्ये, साखर आत आली की चमक बदलणारं एक संवेदक प्रथिन वापरून, आणि बेडकाच्या अंड्यांत. दोन, रोगकारक आला की यजमान वनस्पतीत काही स्वीट जनुकं चालू होतात. भातापुरतं म्हणाल तर त्याला आधीच्या कामाचा भक्कम आधार होता. २००६ मध्येच यांग, सुगिओ आणि व्हाइट यांनी दाखवलं होतं, की ज्या जनुकाला पुढे स्वीट-११ म्हटलं गेलं ते गप्प केलं, तर पीटीएचएक्सओ-१ वर विसंबलेला जिवाणू हरतो.

उजवीकडे काय येतं? निबंधाच्या शीर्षकातच 'रोगकारकांचं पोषण' हा शब्द आहे. म्हणजे पोषण.

आता दोन्ही बाजूंमधलं अंतर पाहा. दार आहे हे दाखवलं. दार साखरेचं आहे हे दाखवलं. जिवाणू दार उघडतो हेही दाखवलं. पण त्या दारातून भाताच्या पानात, जलवाहिनीत, प्रत्यक्ष साखर बाहेर पडली का, जिवाणूनं ती उचलली का आणि उचलून तिचं काय केलं, हे तीन टप्पे तर्कानं भरले आहेत. या निबंधाचा सगळा भर दारावर आहे, जिवाणूच्या तोंडावर नाही. तर्क चांगला आहे बरं का. जलवाहिनीतल्या पाण्यात साखर फार कमी असते, तिथं वाढायचं तर कार्बन कुठून तरी आणावाच लागणार. पण चांगला तर्क म्हणजे पुरावा नव्हे. हे वाक्य मला मुलाखतीच्या आधी कोणीतरी सांगायला हवं होतं.

पहिली चिकित्सा साखर कुठली यावर. २०१० मध्ये मोजलं ते ग्लुकोज. दोनच वर्षांनी, २०१२ मध्ये, त्याच गटानं 'सायन्स'मध्ये दाखवलं, की स्वीटच्या ज्या उपकुळात ११ आणि १४ येतात ते सुक्रोज, म्हणजे आपली चहातली साखर, पेशीबाहेर सोडतं. हा फरक किरकोळ नाही. जिवाणूला ग्लुकोज आणि सुक्रोज उचलायला वेगळी यंत्रणा लागते, फोडायला वेगळी विकरं लागतात. कोबीवरच्या झान्थोमोनासमध्ये सुक्रोज उचलणारी यंत्रणा फ्रान्समधल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवली होती, आणि ती मोडली की रोग सौम्य होतो हेही. म्हणजे चोराच्या खिशात किल्ली असल्याचा पुरावा होता, पण शेजारच्या घरातल्या चोराच्या.

दुसरी चिकित्सा जास्त खोल आहे: दुसरं स्पष्टीकरण. याच २०१० साली 'प्लांट सेल'मध्ये युआन आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. जनुक तेच, स्वीट-११. नाव वेगळं, एक्सए-१३. निष्कर्ष मात्र पार वेगळा! त्यांच्या मते हे प्रथिन तांबं वाहणाऱ्या दोन प्रथिनांशी हातमिळवणी करतं आणि जलवाहिनीतलं तांबं कमी करतं. तांबं जिवाणूला मारक. मोरचूद-चुन्याचं मिश्रण फवारणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. म्हणजे जिवाणू हे जनुक चालू करतो ते जेवण मिळवायला नाही, तर विष काढून टाकायला.

एकाच वर्षी, एकाच जनुकावर दोन कथा. पहिली प्रत्येक नोट्समध्ये आहे, दुसरी किती जणांनी ऐकली आहे? तांब्याची कथा खोटी ठरवून मागे पडली असं समजू नका. साखरेची गोष्ट सांगायला सोपी होती, हेही एक कारण आहे असं माझं मत.

तराजू कुणीकडे झुकतो?

इथं थांबून "दोघांचंही बरोबर असू शकतं" म्हणणं ही चिकित्सा नव्हे, ती पळवाट. पुरावा तोलायला हवा.

साखरेच्या बाजूनं सगळ्यात वजनदार काम मला २०१३ चं, श्ट्रॉयबेल आणि सहकाऱ्यांचं वाटतं. त्यांनी टाल प्रथिनं हवी तशी घडवली आणि भाताची वेगवेगळी स्वीट जनुकं एकेक करून चालू केली. त्या एका उपकुळातली पाचही जनुकं, ११ ते १५, जिवाणूला मदत करतात असं निघालं. त्यातली १२ आणि १५ निसर्गात जिवाणू चालू करताना आढळलेली नव्हती, तरी ती चालतात. दुसऱ्या उपकुळातली मात्र चालेनात. तांब्याची कथा स्वीट-११ पुरती उभी राहते, पण पाचही जनुकांना जोडणारा समान धागा कुठला? सुक्रोज. पारडं इथं साखरेकडे झुकतं.

पण पूर्ण खाली टेकतं का? २०१६ मध्ये कान्नो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अरॅबिडोप्सिसमधली याच उपकुळातली दोन स्वीट प्रथिनं जिबरेलिन हे संप्रेरकही वाहतात. म्हणजे दारावर 'साखर' अशी पाटी असली तरी आतून दुसरा मालही जाऊ शकतो. समान धागा एकच आहे असं आता छातीठोकपणे म्हणता येत नाही.

मग २०१९ मध्ये 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त ऑलिव्हा आणि सहकाऱ्यांचं काम आलं. त्यांनी जनुक-संपादनानं स्वीट-११, १३ आणि १४ यांच्या पुढचे ते क्रम बदलले जिथं टाल प्रथिनं बसतात. दारं शाबूत, फक्त चोराच्या किल्लीचं भोक बदललं. भाताला अनेक प्रकारच्या कडा-करप्याविरुद्ध प्रतिकार मिळाला. अतिशय सुंदर काम. पण बऱ्याच परिसंवादांत ते "साखरेचा सिद्धान्त सिद्ध झाला" म्हणून दाखवतात, आणि इथं मी हात वर करते. यातून सिद्ध होतं ते एवढंच, की दार उघडणं जिवाणूला गरजेचं आहे. दारातून काय गेलं हा प्रश्न जिथं होता तिथंच राहतो. साखर जावो, संप्रेरक जावो की तांबं हलो, किल्ली बसली नाही तर तिन्ही थांबतील.

उपाय लागू पडला म्हणजे स्पष्टीकरण बरोबर असं नसतं. हे एवढं एक लक्षात ठेवा, बाकी पोस्ट विसरलात तरी चालेल.

'पोषण' या शब्दात काय लपलंय

माझी शेवटची तक्रार शब्दाबद्दल आहे, आणि इथं वरचा डिंक परत येतो. समजा सुक्रोज बाहेर आलं आणि जिवाणूनं उचललं. त्याचं तो काय करेल? जाळून ऊर्जा मिळवेल, किंवा नव्या पेशी बांधेल, किंवा ग्लुकोज आणि मॅनोजचे सक्रिय रूप बनवून झान्थन विणेल. पहिली दोन कामं पोषणाची. तिसरं हत्यार बनवण्याचं. सोंटींच्या उत्परिवर्तीनं सांगितलं, की डिंक नसेल तर रोग नाही. मग असंही असेल का, की चोरलेल्या साखरेचा महत्त्वाचा वाटा पोटात न जाता डिंकात जातो?

'पोषण' हा एक शब्द वापरला की हा प्रश्नच सुचत नाही. 'साखर बनवणं' आणि 'साखर वापरणं' हे पाठ्यपुस्तकात दोन वेगळे धडे असतात, जिवाणूत मात्र ती एकच ओळ असू शकते.

तुमच्यासाठी गृहपाठ. हा प्रश्न तुम्ही कसा सोडवाल? माझा कच्चा आराखडा असा. जड कार्बन असलेलं सुक्रोज पानाला द्यायचं आणि काही दिवसांनी जिवाणूच्या पेशीत किती जड कार्बन गेला आणि डिंकात किती, हे वेगवेगळं मोजायचं. सोबत तीन तुलना हव्यात: सुक्रोज उचलता न येणारा जिवाणू, डिंक न बनवू शकणारा जिवाणू आणि किल्लीचं भोक बदललेलं भात. तांब्याची कथाही त्याच पानांत तपासायची, जलवाहिनीतला रस काढून तांबं मोजून. यातली कुठली तुलना नसेल तर कुठला निष्कर्ष काढता येणार नाही, हे एकेका ओळीत लिहून पाहा. मुलाखतीत "पुढे काय कराल?" असं विचारतात तेव्हा हेच हवं असतं.

मामाचा प्रश्न

"एवढा कीस काढून शेतकऱ्याला काय फरक पडतो?" असं कोणी विचारेल, म्हणून हे सांगते.

एकदा आहुप्याला ओटीवर बसून मी मामाला साखरचोराची गोष्ट रंगवून सांगितली. मामानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, म्हणजे इंद्रायणी खायला गोड, म्हणून तिला करपा जास्त येतो का? मग बिनगोडीचं भात लावलं तर सुटू का आपण?"

मी आधी हसले. मग लाज वाटली, कारण प्रश्न मामाचा चुकला नव्हता, गोष्ट माझी चुकली होती. साखर चोरणारा चोर आहे म्हटल्यावर साखर कमी ठेवा हाच शहाणपणाचा निष्कर्ष निघतो. पण दाण्याच्या चवीचा इथं काही संबंध नाही. पानात साखर किती यापेक्षा दाराच्या कुलपाला चोराची किल्ली बसते का, यावर ठरतं. एक्सए-१३ चं अप्रभावी रूप असलेल्या भातात तेच कुलूप निसर्गतःच वेगळं असतं. सीसीएमबी आणि हैदराबादच्या भात संशोधन संस्थेनं मिळून काढलेल्या, २००८ मध्ये प्रसारित झालेल्या सुधारित सांबा महसुरीत ते रूप आहे. आणि एकटं नाही, आणखी दोन प्रतिकार जनुकांच्या सोबतीनं. कारण एक दार बंद केलं तर दुसऱ्या दाराची किल्ली असलेला जिवाणू येतोच.

मामाला मी मग दुरुस्त करून सांगितलं: गोडीचा संबंध नाही. युरिया हात राखून टाका, लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे कापू नका कारण तीच जिवाणूला आयती जखम, आणि करपा लागलेल्या खाचराचं पाणी होता होईल तो खालच्या खाचरात सोडू नका. या सल्ल्याला साखरेचा सिद्धान्त खरा असण्याची गरजच नाही.

मामा म्हणाला, "मग आधीच असं सरळ सांगायचं ना."

पुढच्या वेळी पेपर वाचाल तेव्हा पानाच्या मधोमध ती रेघ मारायला विसरू नका. आणि कडा करप्यावरचा तुमचा प्रयोगाचा आराखडा मला जरूर पाठवा. उजवीकडच्या रकान्यात काय लिहिलंय ते मी आधी बघणार आहे.